गिऱ्हाइकाचे पत्र छापावे की न छापावे?

उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, सुरतेपासून थोड्याच अंतरावर, चलथाण लागते. गाव तसे गुजराती. पण सहकारी साखर कारखाना आणि कडोदऱ्याच्या अंगाने पसरलेल्या कापडाच्या गिरण्या यांमुळे तेथे पोट भरण्यासाठी चारी दिशांचा माणूस आला आहे आणि त्यात खानदेशातला मराठी माणूस पुष्कळ आहे. अशा या गावी यंत्रमागाचे सुटे भाग बनविणारा एक मराठी कारखानदार राहतो, असे क्षणभर समजू. त्याचे धोटे आणि पिकर सुरतेच्या बाजारात तर खपतातच, शिवाय मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी येथेही जातात. गिऱ्हाइकांशी संबंध टिकावा म्हणून त्याने चार पानांचे एक मासिक पत्रक काढावयाचे ठरविले. पहिल्या पानावर मालाची माहिती, दुसऱ्यावर मागाची निगा कशी राखावी याविषयी चार शब्द, तिसऱ्यावर सूत आणि कापड यांच्या बाजाराची हालहवाल. येथवर सारे सुरळीत झाले आणि चौथ्या पानावर घोडे अडले.

मुलगा म्हणाला, “बाबा, हे पान गिऱ्हाइकांना देऊ या. त्यांची पत्रे येतील तशी छापू.” जुने मुनीम चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “शेठ, कागद आपला, छपाई आपली, टपालखर्चही आपलाच. आणि वर आपल्याच मालाची निंदा आपणच छापून वाटायची? असा उफराटा धंदा कुणी केला आहे काय?”

असा धंदा मराठी मुलखात झालेला आहे. औंध संस्थानातील कुंडल रोड स्थानकाजवळच्या उजाड माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली वसाहत वसविली. लोखंडी नांगर हा त्यांचा माल. तो बाजारात आला तेव्हा त्याचे स्वागत कसे झाले? लोखंडाच्या स्पर्शाने काळी आई नासेल, तिच्यात विष भिनेल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले नांगर गिऱ्हाइकाची वाट पाहत पडून राहिले होते. म्हणजे या कारखान्याने गिऱ्हाइकाचा प्रतिकूल शेरा ऐकला तो जन्माबरोबरच. मग १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याची वार्ता ग्राहकांपर्यंत आणि अडत्यांपर्यंत पोहोचवावी, एवढाच त्याचा मूळ हेतू. नांगराच्या कारखान्याने असे पत्र काढण्याची चाल अमेरिकेतही होती. जॉन डिअर या नांगरवाल्या कंपनीचे ‘द फरो’ १८९५ पासूनचे आहे. पण आपल्याकडील ‘खबर’ने वेगळेच वळण घेतले. कारखान्याची बातमी मागे पडत गेली. वाचक, त्याचा संसार, त्याच्या रूढी आणि त्याचे प्रश्न पुढे आले. वादाला त्या अंकांनी कधी दार लावून घेतले नाही. ‘खबर’ या परभाषी शब्दालाच सावरकरांनी हरकत घेतली होती, असेही सांगतात. ते कसेही असो, १९२९ साली ते मासिक नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. ज्याची सुरुवात मालाच्या जाहिरातीसाठी झाली, त्याची ओळख घरोघरी विचारांचे मासिक म्हणून झाली आणि त्यामुळे नांगराचा खप काही खुंटला नाही!

तथापि मुनिमांची भीती सर्वस्वी खोटी आहे, असे मात्र नव्हे. दुसऱ्याने लिहिलेले पत्र छापले म्हणून तुरुंगाची वाट धरावी लागलेली थोर माणसे याच महाराष्ट्रात होऊन गेली. कोल्हापूरच्या महाराजांच्या छळासंबंधी कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध काही पत्रे ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांच्या हाती आली. ती खरी मानून छापली गेली आणि न्यायालयात बनावट ठरली. १८८२ च्या जुलैत आगरकर आणि टिळक या दोघांनाही चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी १०१ दिवस काढले. हेतू स्वच्छ होता, लेखणी समर्थ होती. उणीव होती ती पत्र कोणाचे आणि कितपत खरे याची खात्री करून घेण्याची. बदनामीच्या बाबतीत लिहिणाऱ्याबरोबर प्रसिद्ध करणाराही गुन्हेगार ठरू शकतो, हे तत्त्व जुन्या दंडसंहितेत होते आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. तेव्हा “अमक्या व्यापाऱ्याने मला बुडविले” असे पत्र चलथाणच्या पत्रकात छापून आले, तर ते पत्र धाडणारा मालेगावात स्वस्थ बसेल आणि कोर्टाची पायरी शेठला चढावी लागेल, हा मुनिमांचा हिशेब चुकीचा नाही.

मग पत्राखाली खरे नाव छापलेच पाहिजे, असा कडक नियम करावा काय? येथे दुसरे उदाहरण आडवे येते. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ ते १८५० या काळात एका गृहस्थाची एकशे आठ पत्रे प्रसिद्ध झाली. खाली सही ‘लोकहितवादी’. लिहिणारे गोपाळ हरी देशमुख सरकारी नोकरीत होते; पुढे ते अहमदाबादेस न्यायाधीश झाले आणि गुजरातेतही त्यांनी लोकशिक्षणाचे पुष्कळ काम केले. टोपणनावाला मज्जाव असता, तर ती शतपत्रे मराठीला मिळाली असती की नाही, कोण जाणे! म्हणून जाणत्या संपादकांनी मधला मार्ग काढला आहे. पत्र लिहिणाऱ्याचे नाव-गाव संपादकाला ठाऊक असलेच पाहिजे. ते छापावयाचे की नाही हे मात्र लिहिणाऱ्याच्या इच्छेवर. मालाबद्दलची तक्रार नावावाचूनही छापता येते. एखाद्या व्यक्तीवरचा आरोप मात्र नावानिशी आला तरी पत्रकात घेऊ नये; त्याची जागा अन्यत्र आहे.

एवढे मान्य करूनही शेठसमोर एक मोह उभा राहतोच. पत्रे छापावीत, पण गोड तेवढीच! “आपला माल उत्कृष्ट असून आमचे सर्व माग उत्तम चालत आहेत” अशा पत्रांनी भरलेली पाने काय थोडी निघतात? वाचणारा माणूस भोळा नसतो. तीन अंकांत एकही रड नाही असे दिसले की तो हसतो आणि पान उलटतो. कित्येक कचेऱ्यांतून तक्रार-वही असते, पण ती असते साहेबांच्या खणात, खणाला कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्यापाशी ते नेमके रजेवर असतात. अशा वहीपेक्षा वही नसलेली बरी. निदान माणसाला खोटी आशा तरी लागत नाही.

चलथाणच्या माणसाला मोकळी विचारणा ही काही अपूर्वाईची वस्तू नव्हे. सहकारी साखर कारखान्याची वार्षिक साधारण सभा भरते, तेव्हा चार बिघ्यांचा धनीही उभा राहून उसाच्या भावाविषयी प्रश्न विचारू शकतो. तो सभासद आहे आणि एका सभासदाला एक मत आहे. तो हक्क अध्यक्षांच्या मर्जीवर अवलंबून नसतो. खासगी कारखानदारावर तसे बंधन नाही. त्याने चौथे पान कोरे ठेवले किंवा तेथे दिनदर्शिका छापली, तरी त्याला कोणी जाब विचारणार नाही. त्याला बंधन घालणारा तोच एकटा. म्हणून निर्णय अवघड.

आता समजा, पान उघडले आणि दुसऱ्याच महिन्यात मालेगावहून एक पत्र आले. लिहिणारा मागमालक नाही, मागावर उभा राहणारा कामगार आहे. अक्षर वेडेवाकडे, मजकूर चार ओळींचा: तुमच्या पिकरचे भोक लवकर झिजून मोठे होते, धोटा वाकडा सुटतो, परवा तो मागाबाहेर उडाला आणि शेजारच्या मागावरच्या पोराच्या कपाळाला लागला, डोळा थोडक्यात वाचला. धोट्याच्या मागाशी ज्याचा संबंध आहे, त्याला या चार ओळींचे मोल सांगावयास नको. धोटा एका पेटीतून दुसऱ्या पेटीत ताण्याच्या उघड्या धाग्यांमधून वेगाने धावतो. त्याच्या दोन्ही टोकांना धातूची अणी असते. पिकर झिजला, पेटी सैल झाली किंवा तुटलेला धागा मध्ये गुंतला की तो वाट सोडतो आणि समोर माणूस आहे की भिंत आहे हे पाहत नाही.

हे पत्र दडवले तर शेठचे नुकसान नाही. ते छापले तर चार गिऱ्हाइके जातील, एखादा प्रतिस्पर्धी त्याच्या प्रती काढून वाटील. पण तोच पिकर भिवंडीत आणि इचलकरंजीतही बसविलेला आहे. तेथल्या मागांसमोरही पोरे उभी आहेत आणि त्यांनी पत्र लिहिलेले नाही. मागमालक भावाची आणि उधारीची तक्रार करील. पिकरच्या झिजेचा धोका ज्याच्या कपाळावर बेतलेला आहे, त्याच्या हाती पत्रक बहुधा पडतच नाही. म्हणून ते एक पत्र दहा शिफारसपत्रांपेक्षा जड आहे.

मुनिमांनी खरे तर दुसराच प्रश्न विचारावयास हवा होता. येणारी पत्रे वाचणार कोण? झिजलेला पिकर मागवून तपासणार कोण, आणि पुढल्या अंकाआधी उत्तर लिहिणार कोण? पत्र छापून खाली उत्तर नसेल, तर ती नुसती चव्हाट्यावरची कुरकुर होते. महिन्यातले दोन दिवस या कामाला देणारा माणूस कारखान्यात नसेल, तर शेठने मुलाला स्पष्ट सांगावे की, बाळ, यंदा नको, दिनदर्शिकाच छापू. माणूस असेल तर पान अवश्य उघडावे. त्या मालेगावच्या पत्रातली वाक्ये शुद्ध करण्याच्या भरात त्यातला ‘पोराच्या कपाळाला’ हा शब्दप्रयोग मात्र बदलू नये. आणि त्याखाली कारखान्याने लिहावे की, अमुक महिन्यात पाठविलेले पिकर तपासून पाहावेत, भोक मोठे झालेले परत धाडावेत, बदली माल विनामूल्य मिळेल आणि रेल्वेचे भाडे आम्ही भरू.

मुनीम त्या भाड्याचा आकडा त्याच संध्याकाळी काढतील, यात शंका नाही.