शिकविणारीने आधी काय शिकावे?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण काही वर्षांपासून दुपारच्या वेळी गल्लीतल्या सहा बायका आमच्या ओसरीवर पाटी घेऊन बसतात आणि मी त्यांना लिहावाचायला शिकविते. म्हणून मंडळाने मला आज चार शब्द बोलायला सांगितले. विषय असा की, मोठ्या माणसांना शिकवायचे असेल तर शिकविणारीने स्वतः आधी काय शिकले पाहिजे.

प्रथम एक शंका दूर करते. पुष्कळ भगिनी म्हणतात, "शिकविणे हे डी.एड., बी.एड. झालेल्यांचे काम. आपण चुलीपुढच्या बायका काय शिकविणार?" शाळेत नोकरी करायची तर पदविका-पदवी हवीच. पण प्रौढ साक्षरतेचे काम आपल्या राज्यात साध्या माणसांनीही उचललेले आहे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली आणि १९६१ पासून ती राज्यभर पसरली. गावचे शिक्षक आणि शिकलेले गावकरी मोबदला न घेता शिकवीत, आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. सरकारने २०२२-२३ ते २०२६-२७ या पाच वर्षांसाठी आखलेला 'उल्लास' कार्यक्रमही स्वयंसेवकांवरच उभा आहे. त्यात शिकविणाऱ्याला मानधन नाही, तशी पदवीची अटही नाही. ठाणे जिल्ह्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. तिथे शिकविणारी बाई गावातलीच सून, आणि तिच्या विद्यार्थिनींत तिची स्वतःची सासू!

मात्र पदवी नको म्हणजे तयारीही नको, असे कोणी समजू नये. सावित्रीबाई फुले यांनी अक्षरओळख लग्नानंतर करून घेतली. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नगरला फरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्याला मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी शिकविण्याचे रीतसर शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढणाऱ्या या दांपत्याने १८५५ मध्ये कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळाही काढली. एवढ्या थोर बाईला तयारी लागली, तर आपल्याला ती नको कशी?

माझी तयारी मराठी शाळेतल्या एका बाईंनी करून घेतली. पंधरा दिवस त्यांच्या पहिलीच्या वर्गात मी मागे बसले. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, "इथे बघा आणि घरी जाऊन वेगळे करा. कारण मूल कोऱ्या मनाने येते, मोठे माणूस भरल्या मनाने येते."

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. असोद्याच्या माहेरवाशीण आणि जळगावच्या सासुरवाशीण बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्या १९५१ साली गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. मुलाने व नात्यातल्या माणसाने जेवढी लिहून ठेवली, तेवढी आपल्या हाती आली. तेव्हा निरक्षर म्हणजे अडाणी नव्हे. समोरच्या मावशीला अक्षर येत नाही, पण संसार, शेत, सणवार यांतले तिला आपल्याहून जास्त कळते. तिच्याशी "कित्येकदा सांगितले तरी कळत नाही का?" असे एकदा जरी बोलले, तर ती उद्या येणार नाही आणि का आली नाही हेही सांगणार नाही.

दुसरी गोष्ट पहिल्या शब्दाची. ब्राझील देशात पावलो फ्रेरी नावाच्या शिक्षकांनी १९६३ साली आंजिकोस या गावी सुमारे तीनशे कष्टकऱ्यांना सुमारे चाळीस तासांत वाचायला शिकविले. कष्टकऱ्यांच्या रोजच्या जगण्यातले शब्द घेऊन, त्यावर आधी बोलून, मग त्यांतली अक्षरे सोडवायची, अशी त्यांची रीत. आपल्या सावद्याला शब्दांचा काय तोटा? घड, फणी, बाग, मजुरी, पाणी. 'ग म भ न' ही वळणाने जवळची अक्षरे आली, की 'बाग' आणि 'भाव' फार लांब राहत नाहीत.

इथे आपल्या भागाची एक अडचण येते. घरात आपण 'डोया' म्हणतो, पुस्तकात 'डोळा' असतो. आपली 'केयी' पुस्तकात 'केळी' होते. मावशीने छापील 'केळी' पाहून 'केयी' म्हटले, तर तिने बरोबर वाचले. तिला हसू नये. लिहिताना इथे 'ळ' काढायचा, एवढेच सांगावे. बहिणाबाईंची गाणी आपल्याच बोलीत छापली आहेत, हेही सांगावे. तिची मान ताठ होते.

तिसरी गोष्ट हाताची आणि डोळ्यांची. निंदणी करणाऱ्या हाताला पेन्सिल जड जाते. पण चिमटीत रांगोळी धरायची सवय त्याच हाताला आहे. म्हणून पहिली अक्षरे मी ओसरीवर रांगोळीने काढविते, मग खडू, मग पेन्सिल. आणि एखादीला अक्षर ओळखत नाही असे वाटले, तर आधी तिला चाळिशी लागली आहे का ते बघावे. आमच्यातल्या एकीला "माझे डोकेच चालत नाही" असे वाटत होते. चष्मा आला आणि डोके चालू लागले.

हिशेबाचे तर विचारूच नका. मजुरीचा, डझनाचा, शेकड्याचा हिशेब या बायका तोंडी करतात. त्यांना बेरीज शिकवायची नसते, तोंडातली बेरीज कागदावर कशी उतरवायची ते दाखवायचे असते. आकडे मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्ही शिकवावे, कारण मोबाइलवर आणि विजेच्या बिलावर इंग्रजी आकडे असतात.

आता सर्वांत महत्त्वाचे सांगते. वर्गाला येणारी प्रत्येक जण आधी म्हणते, "मला फक्त सही शिकवा." आणि सही आली की तिला वाटते, झाले. भगिनींनो, नुसती सही शिकवून थांबणे धोक्याचे आहे. अंगठा देणारीला निदान कोणीतरी कागद वाचून दाखविते. सही करणारीला कोणी वाचून दाखवीत नाही, तिला वाचता येते असेच धरून चालतात. आमच्या वर्गातल्या एका मावशींनी बचतीचा कागद म्हणून ऐटीत सही केली होती. निघाला तो दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्याचा कागद. त्याचे हप्ते त्यांनी मजुरीतून फेडले. त्या दिवसापासून मी ठरविले की, सहीबरोबर रक्कम, तारीख, 'जामीनदार', 'कर्जदार' आणि 'संमती' हे शब्द वाचता आले पाहिजेत. कागद हाती धरून "आधी वाचते, मग सही करते" असे म्हणण्याचा धीरही शिकवावा लागतो. हा धीर कोणत्याही प्रवेशिकेत छापलेला नसतो.

आपल्या राज्यात उल्लासची पहिली परीक्षा १७ मार्च २०२४ रोजी झाली. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण. आमच्या दोघी जणी ही परीक्षा देऊन आल्या आहेत. घरचे म्हणत होते, "आता काय कलेक्टर होणार का?" पण औषधाच्या बाटलीवरची तारीख आता त्याच वाचून दाखवितात.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे ७६ साक्षर होत्या. उरलेल्या चोवीस कुठे दूर राहत नाहीत. आपल्या बचत गटाच्या वहीत ज्या ठिकाणी निळा अंगठा उमटलेला आहे, तिथे त्या आहेत.

माझी एवढीच विनंती आहे. ज्यांना शिकवावेसे वाटते त्यांनी पंधरा दिवस दुपारी अडीच वाजता आमच्या ओसरीवर यावे आणि नुसते बघावे. मग आपल्या गल्लीत दोघी-तिघींना घेऊन बसावे. पापड-कुरडयांच्या आणि लग्नसराईच्या दिवसांत वर्ग बंद पडेल, त्याने खचू नये, पुन्हा सुरू करावा. आणि शिकविता शिकविता आपणही पुढे शिकावे. सतरा नंबरचा अर्ज भरून दहावीला बसता येते. मी स्वतः यंदा त्याची चौकशी सुरू केली आहे.