आधी फी भरा, मग बघू

(बारावीच्या निकालानंतर वस्तीतल्या विहारात पोरापोरींसमोर केलेलं भाषण. बोललो तसंच छापायला दिलं आहे.)



निकाल लागला, पेढे वाटून झाले. नगरसेवकानं तुमच्या फोटोंचा बॅनरही लावला. त्यात तुमच्यापेक्षा त्याचं डोकं मोठं आहे, ते असो. मी कौतुक करायला आलेलो नाही. खिडकीबद्दल बोलायला आलोय.

सीट मिळणं आणि वर्गात बसणं यांच्यामध्ये एक खिडकी असते. खिडकीच्या आत एक कारकून असतो आणि त्याला एकच वाक्य पाठ असतं : ‘आधी फी भरा, स्कॉलरशिप आली की परत घ्या.’ आवाज चढवायचीसुद्धा गरज पडत नाही साल्याला. पूर्वी शाळेच्या दारात अडवायचे, तेव्हा निदान कोण अडवतंय ते दिसायचं. आता सगळं नियमानं चालतं. आम्ही कुठं नाही म्हणतोय, फक्त आधी भरा.

मी उभा राहिलोय त्या खिडकीसमोर. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉलेज मुंबईतलं होतं, एवढं पुरे. आई नाक्यावर बिगारी काम करायची. भर वर्गात शिपाई येऊन ओरडला, ‘जीओआयवाले कोण कोण? बाहेर या.’ जीओआय म्हणजे गव्हर्नमेंट ऑफ इंडिया. नाव काय राजेशाही! रांग मात्र जिन्याखाली, मुतारीच्या बाजूला. अख्खा वर्ग बघत होता. आमच्यातल्या दोघांनी हातच वर केला नाही, फॉर्मच भरला नाही. मी केला. धाडस वगैरे काही नाही, घरी दुसरा इलाज नव्हता.

तरीही साडेआठशे रुपये आधी भरायला लावले. आईनं भिशी उचलली. लिलावाची भिशी. गरजवंत तोटा खाऊन आधी उचलतो आणि ज्याला घाई नाही तो नफा खातो, हे तुम्हाला सांगायला नको. शिष्यवृत्तीचे पैसे हातात पडले तेव्हा मी पुढच्या वर्गात होतो. मधल्या काळात माझी बहीण दहावी पास झाली. मार्क माझ्यापेक्षा जास्त. पण भिशी उचलून झालेली. ‘याचे पैसे येऊ दे, मग तुझं बघू,’ आई म्हणाली. पैसे आले, पण अकरावीचे प्रवेश बंद होऊन दोन महिने झाले होते. बहीण तोवर पॅकिंगच्या कामाला लागली होती. मी बी. ए. झालो. लोक म्हणतात, शिष्यवृत्तीवर शिकला. खोटं आहे. मी बहिणीच्या अकरावीवर शिकलो.

म्हणून इथं बसलेल्या आईबापांना एक विचारतो. एका घरात पोरगा आणि पोरगी दोघं पास झाले, तर भिशी कुणासाठी उचलली जाते? बामनाला शिव्या घालायला आपण सगळे पुढं असतो. या प्रश्नाला मात्र माना खाली जातात.

तारीख चुकवण्याचा हा खेळ आजचा नाही. खुद्द बाबासाहेबांची शिष्यवृत्ती संपली होती. बडोद्याच्या पैशावर ते १९१३ साली न्यूयॉर्कला गेले, तिथून लंडनला. मुदत संपली म्हणून १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. पुन्हा लंडन गाठायला १९२० साल उजाडलं, तेही सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेल्या पैशावर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राच्या उसनवारीवर. अर्ध्यावर पैसे तुटले की काय होतं ते ज्या माणसाला ठाऊक होतं, त्यानंच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी सरकारकडून पैसे मंजूर करून घेतले. १९४४ साली. आपली पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती तिथून सुरू होते. तेव्हा ही भीक आहे असं कुणी म्हटलं, तर त्याला साल सांगा. देश स्वतंत्र व्हायच्या आधीचं आपलं येणं आहे ते.

आता आजचं बघू. खिडकी मोबाईलमध्ये गेलीय, तिचं नाव महाडीबीटी. अर्ज तुम्ही भरता, मग तो कॉलेजच्या कारकुनाकडं जातो, मग प्राचार्यांच्या लॉगिनला, मग समाजकल्याणकडं. कारकुनानं पुढं ढकलला नाही तर तिथंच पडून राहतो, आणि तुम्हाला वाटतं सरकार झोपलंय. कुणाच्या टेबलावर अडलाय ते पोर्टलवर दिसतं. दर आठवड्याला बघा. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही लटकतात.

घराचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असेल तर शिष्यवृत्ती. म्हणजे महिन्याला २०,८३३ रुपये. बाप कायम सफाई कामगार असेल तर तो या रेषेच्या वर जातो, मग फ्रीशिप : शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क मिळतं, निर्वाह भत्ता नाही. आणि तो भत्ता तरी केवढा? २०२१ च्या केंद्राच्या दरांप्रमाणे घरून ये-जा करणाऱ्या बी. ए., बी. कॉम.च्या पोराला वर्षाला ३,००० रुपये. दिवसाला सव्वाआठ. कटिंग चहासुद्धा येत नाही. बाहेरगावी शिकायला जाणार असाल आणि सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेचा अर्ज करा. मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० ठरलेत. पण हेही पैसे मागाहून येतात. घरमालक भाडं मागाहून घेत नाही.

इंजिनिअरिंग, फार्मसीवाल्यांनी नीट ऐका. प्रवेश कॅप राउंडमधूनच घ्या. दारात एजंट उभे असतात : ‘मॅनेजमेंटमधून करून देतो, स्कॉलरशिप बसते.’ बसत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याच वस्तीतले बाप या थापेपायी कर्जात गेलेत. आणि जात पडताळणीचं प्रमाणपत्र अकरावी सायन्सलाच मागायचं असतं. ज्यांचं राहिलंय त्यांनी आज घरी जायचं नाही.

खिडकीवरच्या त्या वाक्याला उत्तर आहे. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे, ती याचसाठी की आधी पैसे न भरता प्रवेश मिळावा. कारकून नाही म्हणाला तर भांडू नका. म्हणा, ‘हे लेखी द्या.’ बघा त्याचं पेन कसं अडतं. फीसाठी मूळ मार्कशीट, दाखले अडकवून ठेवायचे नाहीत, हे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१८ सालीच सांगितलंय. एकटं जाऊ नका, चौघं-पाचजण जा. एकट्याला तो ‘ए’ म्हणतो, पाचजणांना ‘बोला’.

आपल्यातलंही बोलतो. काहीजण खात्यात आलेले फीचे पैसे मोबाईलवर उडवतात आणि पुढच्या वर्षीच्या पोरांवर शिक्का मारून जातात. बापाच्या दवाखान्यात गेले असतील तर समजू शकतो, पण तसं कॉलेजला लेखी कळवा. तोंड लपवू नका.

आणि हे सगळं करूनही तारीख चुकू शकते. २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या पोराला धनबादच्या आयआयटीत जागा मिळाली. आपलाच, दलित. भरायचे होते १७,५०० रुपये. गावातून गोळा करेपर्यंत वेळ संपली, जागा गेली. शेवटी सर्वोच्च न्यायालयानं विशेष अधिकार वापरून ती परत दिली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. साडेसतरा हजारांसाठी पोरानं दिल्लीपर्यंत जायचं? जे गेले नाहीत त्यांचं काय झालं, ते कुठल्या पेपरात आलं?

म्हणून यंदा आपण वस्तीची पेटी काढलीय. वर्गणी आपली, व्याज नाही. प्रवेशाच्या दिवशी ज्याला कमी पडतील त्याला द्यायचे, शिष्यवृत्ती आली की त्यानं परत टाकायचे. पेटीत फार नाहीत. पहिली उचल पोरींची, असं ठरलंय. त्यावरून परवा मिटिंगमध्ये बरीच बाचाबाची झाली. ठराव मात्र झालाय.

बाहेर दारात टेबल टाकलंय, माझी बहीण बसलीय तिथं. वही तिच्याकडे आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचं पासबुक घेऊन रांग लावा. पावत्या ठेवायला तिनं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणल्यात, प्रत्येकानं एक घ्यायची. उद्या सकाळी दहाला कॉलेजच्या गेटवर. उशीर करू नका, खिडकी एकला बंद होते.