ओवी, अंगाई आणि कोवळी आई
केळशी गावात बारशाला पाळण्याभोवती बायका गाणी म्हणतात. बाळंतिणीला सोबत मिळते. पण पाहुणे गेल्यावर? आणि आई स्वतःच कोवळ्या वयाची असेल तर?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते १९ वयाच्या ७.६ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर होत्या.

अशा आईला गाण्याची सोबत देता येते. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलने २०११मध्ये सुरू केलेल्या उपक्रमात नवमाता कलावंतांच्या मदतीने बाळासाठी स्वतःची अंगाई रचतात. आपल्याकडे जात्यावर दळताना बायका अशाच स्वतःच्या ओव्या रचत. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकाराने गावोगावच्या लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत सासुरवास आहे, लेकराचं कौतुकही. जात्याचे कष्ट गेले ते बरंच झालं, पण सोबतही गेली. ती अंगणवाडीत पुन्हा जमवता येईल.

मन फारच जड असेल, तर ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा मोफत क्रमांक आहे १४४१६.