पैलवान खाशाबा जाधव



आज एका पैलवानाची गोष्ट सांगतो. गोष्ट खरी आहे. हा पैलवान खेड्यातला, शेतकऱ्यांच्या मुलुखातला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

कुस्ती कोणाला ठाऊक नाही? जत्रा आली की फड लागतो. हलगी वाजू लागते. माणसे गोल करून बसतात. लहान पोरांची कुस्ती रेवड्यांवर, मोठ्यांची रोख इनामावर. पाठ मातीला लागली की निकाल लागला. आपल्या फडात एवढे ठाऊक असले की पुरते. पण साऱ्या जगापुढे कुस्ती खेळायची, तर तेवढ्यावर भागत नाही. का भागत नाही, ते या गोष्टीत कळेल.

खाशाबांचे गाव गोळेश्वर. ते सातारा जिल्ह्यात, कराडच्या जवळ आहे. आपण कर्जतहून आगगाडीने घाट चढावा, पुणे गाठावे, तिथून मिरजेकडच्या गाडीत बसावे आणि कराडला उतरावे. या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पोराला मातीची गोडी घरातच लागली. कराडला शाळा झाली. पुढे ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकले. तालीमही केली आणि पुस्तकही सोडले नाही.

तुम्ही म्हणाल, गडी केवढा धिप्पाड असेल! तसे नव्हते बरे. पुढे ते ज्या गटात जिंकले, तो गट ५७ किलोचा होता. म्हणजे तांदळाच्या पन्नास किलोच्या पोत्याहून थोडेसे जास्त. त्यांचा भर अंगावर नव्हता. चपळाईवर आणि डावांवर होता.

साल १९४८. लंडन शहरात ऑलिंपिक भरले. ऑलिंपिक म्हणजे सगळ्या जगाच्या खेळांची जत्राच म्हणा. ती दर चार वर्षांनी भरते. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च दिला आणि खाशाबा लंडनला गेले. तिथे बघतात तो काय? माती नाही! जाड गादी अंथरलेली. कुस्तीची वेळ घड्याळावर ठरलेली. वेळ संपेपर्यंत कोणी चीत झाले नाही, तर निकाल पंचांच्या हाती. कुठली पकड चालते, कुठली नाही, हे सगळे कागदावर लिहिलेले. खाशाबा मातीत वाढलेले. तरी ते सहावे आले. पहिल्या खेपेला हे काही थोडे नव्हे. पण त्यांनी एक गोष्ट ओळखली. नुसते अंग कमावून चालणार नाही. गादी शिकली पाहिजे, नियम शिकले पाहिजेत.

मग चार वर्षे मेहनत केली. १९५२ साली फिनलंड देशात, हेलसिंकी शहरी ऑलिंपिक होते. निवडीच्या वेळी आपल्याला डावलले, असे खाशाबांना वाटले. ते रुसून घरी बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लागली आणि खाशाबा जिंकले.

आता अडचण पैशाची. प्रवासाला पैसा कुठून आणायचा? गावोगाव लोकांनी वर्गणी दिली. तरी कमीच पडले. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. विचार करा मंडळी! घर गहाण टाकणे म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. परक्याच्या पोरासाठी त्या माणसाने ते केले.

हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडाचा पैलवान हरवला. मेक्सिकोचा हरवला. जर्मनीचा हरवला. पुढे जपानच्या इशी या पैलवानाशी आणि रशियाकडच्या ममदबेयोव याच्याशी मात्र ते हरले. त्या दिवसाची हकीकत अशी सांगतात की, एक कुस्ती फार लांबली. खाशाबांचा दम उतरायच्या आत दुसऱ्या कुस्तीचे बोलावणे आले. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विसावा द्यायचा, असा नियम होता. पण तो पंचांपुढे मांडायला आपल्या बाजूचा कोणी तिथे हजर नव्हता. दमलेला गडी तसाच गादीवर उतरला.

नियम आपल्या बाजूचा होता. पण तो सांगणारे तोंड नव्हते!

तरीही खाशाबा तिसरे आले. त्यांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारतासाठी एकट्या खेळाडूने जिंकलेले हे पहिले ऑलिंपिक पदक. यानंतर असे पदक मिळायला ४४ वर्षे लागली. ते १९९६ साली टेनिसमध्ये लिअँडर पेस याने मिळवले. आणि महाराष्ट्राच्या एकट्या खेळाडूला पुन्हा पदक मिळाले ते २०२४ साली, पॅरिसला. तेव्हा कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक जिंकले. मध्ये ७२ वर्षे गेली.

खाशाबा परत आले, तेव्हा कराडहून गावापर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी काय केले? कुस्त्यांचे फड लावले. त्यातून पैसा उभा केला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकाइतकेच हे काम मोठे, असे मला वाटते.

१९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते वारले. अर्जुन पुरस्कार त्यांना मरणानंतर मिळाला. दिल्लीतल्या कुस्तीच्या एका मोठ्या क्रीडागृहाला आता त्यांचे नाव आहे.

मंडळी, नियमाचे मोल किती, याचे अलीकडचे एक उदाहरण देतो. हल्ली आपली मुले-मुली पांढरे कपडे घालून कराटे शिकतात. हा जपानकडचा खेळ. २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकात तो पहिल्यांदा आला. २०२४ ला तो नव्हता. टोकियोत शेवटच्या लढतीत सौदी अरेबियाचा खेळाडू चार-एक असा पुढे होता. त्याने इराणच्या खेळाडूला अशी लाथ मारली की तो बेशुद्ध पडला. त्याला उचलून न्यावे लागले. आता सांगा, सुवर्णपदक कोणाला? इराणच्या खेळाडूला! कारण कराटेत मार आवरता यावा लागतो. बेताबाहेर जोराने मारणे हा गुन्हा. मारणारा बाद झाला आणि पडलेला जिंकला.

आपल्या फडात असे झाले असते, तर केवढा गोंधळ माजला असता! पण तिथे नियम आधीच लिहिलेला होता.

म्हणून एवढेच सांगतो. तुमची मुलगी किंवा मुलगा कुस्तीला, कराटेला जात असेल, तर खुराकाबरोबर कागदाकडेही बघा. जन्माचा दाखला घरात नीट ठेवा. वयाचा गट त्यावरून ठरतो. मूल कोणत्या वजनगटात आहे, ते विचारा. स्पर्धा कोणती संस्था भरवते, तिला मान्यता कोणाची, हे फी भरण्याआधी विचारा. अर्जावर सही करण्याआधी तो पुरता वाचा. एखादा शब्द अडला, तर गुरुजींना विचारा. त्यात लाज कसली?

पोर गादीवर उतरले की त्याला नियमाचे पुस्तक उघडता येत नाही. ते काम बाहेर उभ्या असलेल्या आईबापांचे आणि वस्तादांचे आहे. आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. आपल्या पोराच्या बाजूने बोलायला तुम्ही तिथे हजर राहा.