तलावाकाठची सतरा मिनिटं

(रायपुरातल्या पुरानी बस्तीत, वसंत व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)

1877 साली कलकत्त्याचे वकील विश्वनाथ दत्त कामानिमित्त रायपुरात होते. कुटुंब मागाहून निघालं. रायपूरला तेव्हा रेल्वे नव्हती; नागपूरहून पुढचा पंधरवड्याचा प्रवास बैलगाडीचा आणि बराचसा जंगलातला. गाडीत चौदा वर्षांचा नरेंद्र होता. एका ठिकाणी दोन्ही बाजूंचे कडे अगदी जवळ आले आणि कड्याच्या भेगेत वरपासून खालपर्यंत लोंबणारं मधमाश्यांचं अवाढव्य पोळं त्याला दिसलं. माश्यांच्या त्या राज्याचा विचार करता करता त्याचं भान हरपलं. शुद्धीवर आला तेव्हा गाडी बरीच पुढे गेली होती. विवेकानंदांच्या चरित्रांत हा प्रसंग हटकून येतो आणि रायपूरकरांना तर तो तोंडपाठ असतो.

पण असं पोळं रोज दिसत नाही. निसर्गाने मनाला बरं वाटतं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर बस्तर येतं, चित्रकोटचा धबधबा येतो, निदान चार दिवसांची रजा तरी येते. दत्त कुटुंब मात्र 1879 पर्यंत बूढापाऱ्यात राहिलं आणि तिथून चार पावलांवर बूढा तालाब होता. आता त्याचं सरकारी नाव विवेकानंद सरोवर. गाव अजून जुन्याच नावाने हाक मारतं. या व्याख्यानाचा विषय ते पोळं नसून हा तलाव आहे.

पुरानी बस्तीत आणि तिच्या आसपास पाण्याला तोटा नव्हता. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली, खो-खो अशी नावं आजही रिक्षावाल्याला सांगितली की पुरतात. इंग्रजी अमदानीतलं गॅझेटिअर म्हणतं की बूढा तालाब रायपूरच्या किल्ल्याइतकाच जुना आणि मूळचा जवळजवळ एक चौरस मैलाचा. आजचा तलाव पाहून हे खरं वाटत नाही, इतका तो आक्रसला आहे. महाराजबंध मराठ्यांच्या काळात एका महसुलाच्या मक्तेदाराने बांधला. त्याच्याजवळचं रामचंद्राचं देऊळ 1775 सालचं, बिंबाजी भोसल्यांचं. कंकालीचं दगडी बांधकाम महंत कृपालगीर यांचं, सतराव्या शतकाच्या अखेरचं. मक्तेदार, राजे, महंत यांपैकी कोणीही हे मनःस्वास्थ्यासाठी केलं नाही. पाणी हवं होतं, पुण्य हवं होतं, थोडा नावलौकिकही हवा असणार. पण अंघोळ, धुणं, देवदर्शन या निमित्ताने माणूस दिवसातून एकदा तरी पचरीच्या, म्हणजे घाटाच्या, पायऱ्या उतरून उघड्या आभाळाखाली यायचा. त्यासाठी वेगळा वेळ काढावा लागत नसे.

नळ घरात आले आणि ते निमित्त संपलं. नळाला कोणी नावं ठेवू नयेत. कळशा वाहणाऱ्या बाईला विचारा. फक्त, पाण्याबरोबर आपसूक मिळणारं आणखी काहीतरी हातचं गेलं. ते काय, हे संशोधकांनी फार अलीकडे मोजायला घेतलं.

1984 साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या जुन्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले सरासरीने थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. रुग्ण थोडेच होते, हे खरं. पण खाटेवरून न उठताही फरक पडतो, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

याचं कारण काय? रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्याचं उत्तर सगळ्यांत पटणारं आहे. हिशेब तपासणं, गर्दीतून स्कूटर काढणं, मोबाइलवर आलेल्या निरोपांना उत्तरं देणं, यांत लक्ष ओढून धरावं लागतं. ही शक्ती थकते आणि ती थकली की माणूस चिडचिडा होतो, विसरतो, छोट्या गोष्टीचा डोंगर करतो. पाण्यावरचे तरंग, पिंपळाची सळसळ, सूर मारणारा खंड्या यांच्याकडे लक्ष आपोआप जातं आणि ओढून धरायची शक्ती तेवढा वेळ विसावते. 2008 साली मिशिगनमध्ये मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा वृक्षोद्यानात आणि एकदा शहरातल्या रस्त्यांवर चालायला लावलं. झाडांतून आल्यावर उलट्या क्रमाने आकडे सांगायची चाचणी त्यांना जास्त चांगली जमली. गंमत म्हणजे ज्यांना कडाक्याच्या थंडीत चालणं मुळीच आवडलं नव्हतं, त्यांनाही फायदा झाला. रायपूरच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा, हा निष्कर्ष दुपारी बारा वाजता पडताळून पाहू नये. सूर्योदयाची वेळ बरी. त्या वेळचा बाहेरचा उजेड खोलीतल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो आणि झोपेचं घड्याळ लागतं ते त्याच उजेडावर.

किती वेळ पुरे? 2019 साली इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवरून असं दिसलं की आठवड्याला दोन तास किंवा अधिक वेळ निसर्गात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगतात. दोन तास एका दमात घालवले की रोज थोडे, याने फरक पडला नाही. इथे एक शंका रास्त आहे: ज्याचं मन आधीच बरं आहे तोच बाहेर पडत असेल. या पाहणीतून ती पुरती फिटत नाही. तरी हिशेब लक्षात घ्यावा: दोन तास सात दिवसांत वाटले की रोजची सतरा मिनिटं होतात. एका दमात दोन तास काढणं गाडी आणि रविवार हाताशी असलेल्याला जमतं. दुकान उघडणाऱ्याला, दोन डबे करून नोकरीवर जाणाऱ्या बाईला दिवसाची सतराच मिनिटं परवडतात आणि तीही तलाव पायी गाठता आला तरच.

म्हणूनच काठाचं काय होतं याला महत्त्व आहे. बूढा तालाबाला गेल्या काही वर्षांत फरसबंदी आली, रोषणाई आली, कारंजी आली. संध्याकाळी मुलं खूश असतात, ते चांगलंच. पण इंग्लंडातल्या शेफील्डच्या बागांत 2007 साली केलेल्या अभ्यासात दिसलं की वनस्पतींचे प्रकार जितके जास्त, तितका मनाला होणारा लाभ जास्त. फरशीवर चतुर बसत नाही, पाणकोंबडीला घरटं करायला लव्हाळा लागतो. दुसरीकडे नुसता ‘नैसर्गिक’ सोडलेला तलावही कामाचा नाही. गटाराचं पाणी आणि जलपर्णी यांनी भरलेल्या काठावर माणूस नाक दाबून निघून जातो.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. महिनोन्‌महिने झोप उडालेल्या, जगणं नकोसं झालेल्या माणसाला ‘जरा तलावावर फिरून ये’ म्हणणं हा उपाय नव्हे. त्याला डॉक्टर हवा. बिलासपूरजवळ सेंदरीला सरकारी मनोरुग्णालय आहे, आणि 2022 पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर फोनवरूनच सल्ला देते. तलाव त्या टप्प्याच्या अलीकडच्या लोकांसाठी आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी.

महापालिकेकडे मागायचं तर ते फार महाग नाही. सांडपाणी आधी वळवा, पाण्यापर्यंत उतरणाऱ्या पायऱ्या उघड्या ठेवा, निदान एका बाजूचा काठ मातीचा आणि झाडांचा राहू द्या, आणि तिथे पहाटे पाचला कुलूप नको.