गँडाल्फची पातळी

१९७७ च्या मार्चमध्ये ‘द ड्रॅगन’ या अमेरिकन नियतकालिकात बिल सेलिगमन यांनी एक धीट दावा केला. टोल्किनच्या ‘हॉबिट’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला गँडाल्फ हा पाचव्या पातळीचा जादूगार आहे, त्याहून वरचा नाही!

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आणला. टेबलाभोवती बसायचं, फासे टाकायचे आणि मिळून गोष्ट रचायची, असा हा खेळ. त्यात जादूगार पहिल्या पातळीपासून चढत जातो. मंत्रांचीही प्रतवारी असते. आगीचा गोळा आणि वीज हे तिसऱ्या प्रतीचे मंत्र. पाचव्या पातळीला ते हाती येतात. गँडाल्फ जे करून दाखवतो त्याला याहून वरचे मंत्र लागत नाहीत, असा सेलिगमन यांचा हिशेब.

मला ही रीत मनापासून आवडते. ती भक्तिभाव बाजूला ठेवून पुस्तक पुन्हा उघडायला लावते. आणि खरंच, ‘हॉबिट’मध्ये झाडावर अडकलेला गँडाल्फ लांडग्यांवर काय फेकतो? पेटवलेली पाइनची फळं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये मोरियाच्या भुयारांत एक दार मंत्राने बंद ठेवताना त्याची पुरती दमछाक होते. शिवाय त्याच्या कमरेला ग्लॅमड्रिंग ही तलवार आहे, आणि मूळ नियमांत जादूगाराला खंजिरापलीकडे शस्त्र नाही.

पण त्याच कादंबरीतला करॅध्रास डोंगरावरच्या बर्फातला प्रसंग पाहा. सोबती गारठून मरायला टेकलेत, तरी काठी टेकवून मोळी पेटवायला तो नाखूश असतो. पेटवल्यावर सांगतो, की आपण इथे आहोत हे आता दूरवर कळलं. आगीची किंमत ती! खेळातली किंमत निराळी. तिथे जुन्या नियमांत मंत्र म्हटला की तो स्मरणातून पुसला जायचा. ही कल्पना गायगॅक्सने जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’मधून (१९५०) घेतली. व्हान्सचा जादूगार मंत्र खर्चतो. टोल्किनचा स्वतःला उघडा पाडतो. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टात तर स्पष्टच आहे, की शत्रू सॉरॉनच्या बळाला बळाने भिडायची गँडाल्फसारख्या जादूगारांना मनाई होती, धाक दाखवून कुणावर सत्ता गाजवायचीही. मग केलेल्या जादूवरून काढलेली पातळी त्याची कुवत कशी सांगणार? कथानायक फ्रोडो सॉरॉनची सामर्थ्यशाली अंगठी पुढे करतो तेव्हा गँडाल्फ घाबरून नकार देतो. तो आपल्या दयेलाच भितो. तिच्यापोटी आपण अंगठी वापरू, हे त्याला ठाऊक आहे. कादंबरीभर त्याच्या ताकदीचा याहून मोठा पुरावा मला दिसत नाही.

म्हणून खेळणाऱ्या तरुणांना माझी एक सूचना आहे. पातळीचा वाद चालू द्या, पण एक नियम वाढवा. जादूगाराने मंत्र म्हटला की दर वेळी आणखी एक फासा टाकायचा, शत्रूला सुगावा लागला का ते ठरवायला. आणि मंत्र जितका मोठा, तितका सुगाव्याचा धोका वाढवायचा.