उष्णतेला अटकाव, लहरींना वाट



पैनगंगेच्या दक्षिण तीरावरील आदिलाबाद जिल्ह्याचा उन्हाळा सर्वांच्या परिचयाचा आहे. कडक वर्षी मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. कापसाच्या पेरणीकडे डोळे लावून बसलेला शेतकरी आणि भर दुपारी मातीकाम करणारा मजूर यांच्या दृष्टीने तापमानाचा आकडा हा केवळ कुतूहलाचा विषय नसतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान 40 अंश गाठून सरासरीपेक्षा 4.5 अंशांनी वाढले, अथवा थेट 45 अंशांवर पोचले, की हवामान खाते उष्णतेची लाट मानते. एका अंशाच्या चुकीने इशारा दिला जातो किंवा राहून जातो.

तेलंगणात मंडलोमंडली उभारलेली स्वयंचलित हवामान केंद्रे हा आकडा टिपतात. तेथे माणूस नसतो. यंत्र मोजते आणि बिनतारी मार्गाने कळवते. म्हणूनच त्या यंत्राच्या पेटीवर दोन जबाबदाऱ्या येतात. तिने ऊन अडवावे, पण रेडिओलहरी अडवू नयेत. या दोन मागण्या परस्परांशी कशा झगडतात, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पहिल्या मागणीचे उत्तर जुनेच आहे. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडचे दीपगृह-अभियंता थॉमस स्टीव्हन्सन यांनी तापमापकासाठी एक पेटी योजली. ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचा लेखक हा त्यांचाच पुत्र. पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी, चार पायांवर उभी, भिंतींना तिरप्या पट्ट्यांचे दुहेरी आवरण आणि आपल्या गोलार्धात उत्तरेकडे उघडणारे दार. ऊन आत येत नाही, वारा मात्र खेळतो. पारा बोलत नसे. निरीक्षक दार उघडून आकडा वहीत लिही. आता वही गेली आणि यंत्राला स्वतःच बोलावे लागते. अडचण येथून सुरू होते.

यंत्रातील उष्णता बाहेर काढण्यास धातू उत्तम. ॲल्युमिनियम साध्या प्लॅस्टिकच्या सुमारे हजारपट उष्णता वाहून नेते. परंतु हाच धातू लहरींचा शत्रू आहे. मोबाइलच्या लहरी ॲल्युमिनियममध्ये मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाइतक्याच खोल शिरतात. म्हणून पोळ्या गुंडाळण्याचा पातळ कागदही त्यांना पुरेसा अडसर ठरतो. पत्र्याला भोके पाडली की लहरी सुटतील, असाही एक समज आहे. पुणे जिल्ह्यातील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण तो खोटा ठरवते. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली तेथे 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या उभ्या राहिल्या. त्यांचा पृष्ठभाग अखंड पत्र्याचा नसून तारांच्या जाळीचा आहे. वारा जाळीतून आरपार जातो. परंतु जाळीच्या छिद्रांहून कितीतरी लांब असणाऱ्या रेडिओलहरी मात्र अखंड पत्र्यावर आदळाव्यात तशा परावर्तित होतात. हवेला दिलेली वाट ही लहरींना दिलेली वाट नव्हे.

मग प्लॅस्टिकच का नको? लहरी त्यातून सहज जातात. पण उष्णताही आतच कोंडते. बंद पेटी उन्हात ठेवल्यास आतील तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा-वीस अंशांनी सहज चढते. सामान्य इलेक्ट्रॉनिक घटक 70 अंशांपर्यंतच्या तापमानासाठी बनवलेले असतात आणि अनेक लिथियम विजेऱ्या 45 अंशांच्या वर भारित करू नयेत असा दंडक आहे. म्हणजे आदिलाबादच्या दुपारी विजेरी प्रथम धोक्यात येते.

या कोंडीतून सुटण्याचा मार्ग आपल्या घरांतील जुन्या रेडिओने पूर्वीच दाखवला होता. त्यातील काचेचे वाल्व चांगलेच तापत. म्हणून पेटी लाकडाची, किंवा लिओ बेकलँड यांनी 1907 मध्ये शोधलेल्या उष्णतासह बेकेलाइटची असे, आणि पाठीमागे छिद्रांचा पुठ्ठा. पेटी लहरींना अडवीत नसे आणि छिद्रांतून गरम हवा बाहेर पडे.

आजची रचनाही त्याच विचाराने करावी. ज्याला जे सोसत नाही, त्यापासून त्याला दूर ठेवावे. वर पांढरे छत, त्याखाली खेळत्या हवेचा थर आणि मग मुख्य पेटी. तापणारे घटक पेटीच्या सावलीकडील धातूच्या पाठीला टेकवावेत. अँटेना त्या धातूपासून दूर, शक्यतो खांबाच्या टोकाला, फायबरग्लासच्या किंवा पॉलिकार्बोनेटच्या टोपीखाली असावी. टोपी आणि अँटेना यांत थोडे अंतर राखावे. रंग साधा पांढरा द्यावा. ॲल्युमिनियमची पूड असलेला रुपेरी रंग लहरींना बाधक ठरू शकतो. टोपीवर पाणी साचू देऊ नये, कारण पाण्याचा थरही लहरी क्षीण करतो. 260 अंश सोसणारे टेफ्लॉन किंवा क्षेपणास्त्रांच्या नाकाडास लागणारी सिलिका येथे अनावश्यक आहे. आदिलाबादला महाग पदार्थापेक्षा योग्य मांडणीची गरज अधिक.

अशा पेटीची परीक्षा प्रयोगशाळेपुरती ठेवून भागत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, झाकण बंद करून, तिचा संदेश पोचतो का आणि शेजारच्या प्रमाणित तापमापकाशी तिचा आकडा जुळतो का, हे पाहावे लागते. पोचलाच नाही, तर त्या गावाचा उन्हाळा कोणत्याही नोंदीत उरत नाही. मजुराला सावलीत बसवणारा इशारा निघत नाही.

ग्रंथसंग्रहालाही ऊन, ओल आणि वाळवी यांपासून जपावे लागते. पण कपाटाला कायमचे कुलूप लागले तर जपणूक व्यर्थ जाते. जे आत आहे ते सुरक्षित राहावे आणि ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोचावे, हाच चांगल्या पेटीचा आणि चांगल्या ग्रंथालयाचा धर्म होय.